‘डीव्हॅल्यू’च्या उलट नेमका कोणता शब्द? भाव, दर्जा आणि मान वाढवणाऱ्या इंग्रजी शब्दांची निवड

मराठीत ‘भाव वाढला’ म्हटलं की सगळं भागतं. सोन्याचा भाव वाढतो, कांद्याचा वाढतो, निवडणूक तोंडावर आली की गल्लीतल्या कार्यकर्त्याचाही वाढतो. इंग्रजीत या तिन्ही ठिकाणी वेगळा शब्द लागतो, आणि चुकीचा पडला की वाक्याचा अर्थच फिरतो.

‘डीव्हॅल्यू’ म्हणजे एखाद्या गोष्टीची किंमत, मोल किंवा मान खाली आणणं. त्याचे विरुद्धार्थी शब्द शोधायला गेलं की स्पर्धा परीक्षांच्या पुस्तकात एका ओळीत अप्रिशिएट, रीव्हॅल्यू, एन्हान्स, एन्रिच, एलिव्हेट, डिग्निफाय, एक्झॉल्ट, चेरिश अशी रांग मिळते. रांग पाठ होते, पण यातला एक शब्द दुसऱ्याच्या जागी सहसा बसत नाही, हे त्या पुस्तकात लिहिलेलं नसतं. सदाशिव पेठेतल्या अभ्यासिकेत बँकेच्या परीक्षेची तयारी करणारी मुलगी, कोथरूडच्या सोसायटीचं परिपत्रक इंग्रजीत काढणारे सचिव आणि निवृत्त होणाऱ्या मुख्याध्यापकांचं मानपत्र लिहिणारे शिक्षक, या तिघांना ‘उलट शब्द’ हवा असतो, पण तिघांचे शब्द तीन निघतात.

आधी दोन प्रश्न

कोश उघडण्याआधी आपल्या मराठी वाक्याला दोन प्रश्न विचारा. एक, वर काय गेलं: बाजारातली किंमत, चलनाचा दर, मालाचा कस, दर्जा, माणसाचा मान, की आपल्या मनातली कदर? दोन, ते आपोआप वर गेलं की कोणी नेलं? पहिल्या उत्तरावरून शब्दांचा गट ठरतो आणि दुसऱ्यावरून क्रियापदाची रचना. निम्म्याहून जास्त चुका दुसरा प्रश्न न विचारल्यामुळे होतात, म्हणून सुरुवात तिथूनच करू.

बाजारातली किंमत: अप्रिशिएट

सोसायटीच्या परिपत्रकात मराठीत एक वाक्य आहे: ‘नवीन लिफ्ट बसवल्यामुळे आपल्या फ्लॅटची किंमत वाढली आहे.’ कोशात ‘डिप्रिशिएट’च्या समोर ‘अप्रिशिएट’ सापडतो आणि हात सहज लिहून जातो: ‘द न्यू लिफ्ट हॅज अप्रिशिएटेड अवर फ्लॅट्स.’ याचा अर्थ होतो, नव्या लिफ्टने आमच्या फ्लॅटचं कौतुक केलं.

‘अप्रिशिएट’चे दोन संसार आहेत. त्याला कर्म दिलं की तो कदर करणे, आभार मानणे किंवा नीट समजून घेणे या अर्थाने चालतो. कर्म दिलं नाही की किंमत वाढणे या अर्थाने चालतो. किंमत वाढवणे हा सकर्मक अर्थ मोठ्या कोशात नोंदलेला आढळतो, पण आजच्या लिखाणात जवळजवळ दिसत नाही, वापरू नये. तेव्हा वरचं वाक्य दोन रीतींनी दुरुस्त होतं. फ्लॅटला कर्ता करा: ‘अवर फ्लॅट्स हॅव अप्रिशिएटेड सिन्स द न्यू लिफ्ट वॉज इन्स्टॉल्ड.’ किंवा लिफ्टला कर्ता ठेवायची असेल तर क्रियापद बदला: ‘द न्यू लिफ्ट हॅज एन्हान्स्ड द व्हॅल्यू ऑफ अवर फ्लॅट्स.’ परिपत्रकाला दुसरं वाक्य जास्त शोभतं, कारण वर्गणी ज्या कामावर खर्च झाली ते काम वाक्यात पुढे येतं.

आणखी एक बारकावा. मालमत्ता अप्रिशिएट होते, किंमत राइझ होते. ‘द प्राइस अप्रिशिएटेड’ असं वर्तमानपत्रात अधूनमधून छापून येतं, पण नेटकं इंग्रजी लिहिणारा ‘द फ्लॅट अप्रिशिएटेड’ आणि ‘द प्राइस रोज’ असाच फरक ठेवतो. वाढ किती हे सांगताना ‘बाय’, कुठून कुठे हे सांगताना ‘फ्रॉम’ आणि ‘टू’. 80 लाखांचा फ्लॅट 96 लाखांना गेला, तर तो ‘अप्रिशिएटेड बाय 20 पर्सेंट’. इथे ‘बाय’ऐवजी ‘टू’ पडला की वाढीचा आकडा अंतिम किमतीसारखा वाचला जातो.

राइझ आणि रेझ ही जोडीही इथेच निस्तरून घ्यावी. राइझ, रोज, रिझन हे आपोआप वर जाणं. रेझ, रेझ्ड हे कोणीतरी वर नेणं. समितीने देखभाल शुल्क वाढवलं तर ‘द कमिटी रेझ्ड द मेंटेनन्स’, शुल्क वाढलं तर ‘द मेंटेनन्स रोज’. मराठीत ‘वाढणे’ आणि ‘वाढवणे’ यांत जेवढं अंतर तेवढंच यांच्यात आहे, म्हणून मराठी वाक्यातला ‘व’ बघितला की इंग्रजी क्रियापद बिनचूक निवडता येतं.

आभाराच्या ईमेलमधली चूक तर सर्रास दिसते: ‘आय वुड अप्रिशिएट इफ यू सेंड द बिल.’ इथे ‘अप्रिशिएट’ला कर्म हवं आणि ते कर्म म्हणजे छोटासा ‘इट’: ‘आय वुड अप्रिशिएट इट इफ यू कुड सेंड द बिल.’ हा ‘इट’ गाळला की वाक्य लंगडं होतं. हिंजवडीतून परदेशी ग्राहकाला जाणाऱ्या पत्रांत एवढी एक दुरुस्ती केली तरी भाषा लगेच सुधारलेली वाटते.

याच घरातला ‘अप्रेझल’ मात्र वेगळा ठेवा. बोलताना ‘अप्रेझल झालं’ म्हणजे पगार वाढला असं आपण धरून चालतो. इंग्रजीत अप्रेझल म्हणजे फक्त मूल्यमापन. ते चांगलं, वाईट, कसंही निघू शकतं. पगारवाढ म्हणजे रेझ, इन्क्रिमेंट किंवा आपल्याकडे रूढ झालेला हाइक. आणि त्याच्यासारखाच ऐकू येणारा ‘अप्राइझ’ म्हणजे कळवणे. त्याच्यापुढे ‘ऑफ’ येतो.

हिशेबाच्या वहीतलं ‘डिप्रिशिएशन’ म्हणजे घसारा. इथे उलट शब्द म्हणून ‘अप्रिशिएशन’ लिहिला तर सीए लगेच थांबवतील. यंत्रावर, गाडीवर दरवर्षी घसारा लावतात. पण जमिनीचा बाजारभाव वाढला म्हणून दरवर्षी अप्रिशिएशनची नोंद कोणी करत नाही. मालमत्तेची पुस्तकी किंमत वर नेली तर त्या कृतीला ‘अपवर्ड रीव्हॅल्युएशन’ म्हणतात. इंड एएस 16 या भारतीय लेखा मानकानुसार कंपनीने पुनर्मूल्यांकनाची पद्धत स्वीकारली, तर वाढलेली रक्कम नेहमीच्या नफ्यात न धरता ‘रीव्हॅल्युएशन सरप्लस’ म्हणून वेगळी दाखवावी लागते. ‘राइट डाउन’च्या उलट ‘राइट अप’ हाही हिशेबातला खरा शब्द आहे, पण तो वहीपुरताच ठेवावा.

चलन: कोणी केलं, हे इथे सगळ्यात महत्त्वाचं

चलनाच्या बाबतीत इंग्रजीने दोन जोड्या अगदी काटेकोर वेगळ्या ठेवल्या आहेत, आणि अर्थशास्त्राच्या पेपरात गुण इथेच जातात. सरकारने किंवा मध्यवर्ती बँकेने ठरवून दर खाली आणला तर डीव्हॅल्यू, ठरवून वर नेला तर रीव्हॅल्यू. बाजारात मागणी-पुरवठ्याने दर घसरला तर डिप्रिशिएट, चढला तर अप्रिशिएट. मराठीत पहिल्या घटनेला अवमूल्यन म्हणतात. वर्तमानपत्रांतून रोजच्या घसरणीलाही ‘अवमूल्यन’ लिहिलं जातं, आणि त्याचं भाषांतर करताना डीव्हॅल्युएशन पडतं. ते चूक आहे, कारण मार्च 1993 पासून रुपयाचा दर बाजारावर ठरतो. आजचा रुपया घसरतो तेव्हा तो ‘डिप्रिशिएट्स’.

खरं डीव्हॅल्युएशन पाहायचं तर 6 जून 1966 कडे जावं लागतं. त्या दिवशी डॉलरचा दर 4.76 रुपयांवरून 7.50 रुपये करण्यात आला. त्यानंतर जुलै 1991 मध्ये 1 आणि 3 तारखेला दोन टप्प्यांत रुपया उतरवला गेला. उलट दिशेची उदाहरणं आपल्याकडे शोधून सापडणार नाहीत. ती बाहेरून घ्यावी लागतात. मार्च 1961 मध्ये पश्चिम जर्मनीने डॉलरचा दर 4.20 मार्कांवरून 4.00 मार्कांवर आणला. 21 जुलै 2005 रोजी चीनने 8.28 युआनवरून 8.11 युआन केला. या दोन्ही घटनांना इंग्रजीत ‘रीव्हॅल्युएशन’ म्हणतात, आणि ‘डीव्हॅल्युएशन’च्या नेमक्या उलट उभा राहणारा तांत्रिक शब्द हाच.

इथे आकडा खाली आला आणि चलनाचं मोल वर गेलं, हे लक्षात ठेवावं. डॉलर 85 रुपयांवरून 83 वर आला तर रुपया अप्रिशिएट झाला. आलेखावर रेघ उतरताना दिसते म्हणून ‘द रुपी फेल’ असं लिहून मोकळं होणारे पुष्कळ आहेत. टक्केवारीही दोन प्रकारे निघते. डॉलर घसरला 85 पैकी 2, म्हणजे सुमारे 2.35 टक्के, रुपया वाढला 85 भागिले 83, म्हणजे सुमारे 2.41 टक्के. फरक लहान दिसतो, पण 1966 चे आकडे घेतले की डोळ्यांत भरतो. डॉलर 57.5 टक्क्यांनी महागला आणि रुपया 36.5 टक्क्यांनी उतरला. एका पुस्तकात 57.5 आणि दुसऱ्यात 36.5 दिसतं ते याच कारणाने. दोन्ही बरोबर आहेत. रुपया पूर्वीच्या जागी न्यायचा म्हटलं असतं तर 57.5 टक्क्यांचं रीव्हॅल्युएशन करावं लागलं असतं, 36.5 टक्क्यांचं नव्हे. उतरण्याची आणि चढण्याची टक्केवारी सारखी नसते, म्हणून इंग्रजी वाक्यात कोणत्या चलनाबद्दल बोलतो आहोत ते कर्त्यातच सांगा: ‘द रुपी अप्रिशिएटेड बाय अबाउट 2.4 पर्सेंट अगेन्स्ट द डॉलर.’ तुलनेसाठी ‘अगेन्स्ट’ वापरा, ‘दॅन’ इथे चालत नाही.

रीव्हॅल्यूचा दुसरा अर्थही आहे, आणि तो पुण्यातल्या विद्यार्थ्यांना जास्त ओळखीचा आहे. उत्तरपत्रिकेचं ‘रीव्हॅल्युएशन’ म्हणजे पुन्हा तपासून गुण ठरवणं, पुनर्मूल्यांकन. यात वाढ गृहीत नसते. विषय चलनाचा नसेल तर ‘रीव्हॅल्यू’ एवढंच लिहून वाढ झाली असं समजू नका. ‘रीव्हॅल्यूड अपवर्ड्स’ असं दिशेसह लिहा.

कस: डिबेसच्या उलट

‘डिबेस’चं मूळ काम नाण्यांवरचं. चांदीत हलका धातू मिसळून नाण्याचा कस उतरवणं. पेशवाईत पुण्यात अंकुशी रुपया चाले, शिवाय ठिकठिकाणच्या टांकसाळींची नाणी बाजारात येत, आणि झिजलेलं किंवा परमुलुखातलं नाणं घेताना सराफ बट्टा कापत. नावाला बट्टा लागतो म्हणतात तोही हाच शब्द. इंग्रजीत त्या कपातीला ‘डिस्काउंट’ म्हणतात आणि त्याच्या उलट ‘प्रीमियम’. दर्शनी मूल्य 10 रुपये असलेला शेअर 100 रुपयांना दिला तर 90 रुपये प्रीमियम. रचना पक्की आहे: ‘अ‍ॅट अ डिस्काउंट’, ‘अ‍ॅट पार’ म्हणजे दर्शनी मूल्यालाच, ‘अ‍ॅट अ प्रीमियम’. ‘पुट अ प्रीमियम ऑन’ म्हणजे एखाद्या गुणाला फार महत्त्व देणं, आणि नोकरीच्या अर्जात हा प्रयोग शोभून दिसतो.

धातूच्या बाबतीत डिबेसच्या उलट ‘रिफाइन’ किंवा ‘प्युरिफाय’. चारित्र्याच्या बाबतीत डिबेसच्या उलट ‘एनोबल’, कारण इथे ‘बेस’ म्हणजे हलका, नीच. उपसर्ग बदलून ‘रीबेस’ मात्र करू नका. रीबेस म्हणजे निर्देशांकाचं आधारवर्ष बदलणं. त्याचा कसाशी संबंध नाही. ‘डी’ काढायचा आणि ‘री’ किंवा ‘अप’ लावायचा हा उपाय ‘व्हॅल्यू’ आणि ‘ग्रेड’ यांच्यापुरता चालतो, पुढे फसतो.

मालाचा कस वाढवण्यासाठी ‘एन्रिच’ आणि ‘फॉर्टिफाय’ हे दोन शब्द आहेत आणि अन्नाच्या लेबलवर ते जपून वापरावे लागतात. प्रक्रियेत गेलेली पोषकद्रव्यं परत घातली तर एन्रिच, वरून घालून पातळी वाढवली तर फॉर्टिफाय, असा पोषणशास्त्रात सर्वसाधारण संकेत आहे. भारतात कायद्याचा शब्द फॉर्टिफाय आहे. 2018 चे नियम त्याच नावाने आहेत आणि दुधाच्या पिशवीवर अधिक चिन्ह आणि एफ असं निळं बोधचिन्ह दिसतं ते त्याचंच. दुधात जीवनसत्त्व अ आणि ड, तांदळात लोह, फॉलिक आम्ल आणि बी 12. घरगुती उद्योगाचं लेबल इंग्रजीत लिहिणाऱ्यांनी ‘फॉर्टिफाइड’ हा शब्द केवळ छान वाटतो म्हणून टाकू नये. त्याला मानकं लागू होतात. अन्नाबाहेर एन्रिच मोकळेपणाने चालतो: खत माती एन्रिच करतं, वाचन आयुष्य एन्रिच करतं. नैसर्गिक युरेनियममधलं 235 या समस्थानिकाचं प्रमाण 0.7 टक्क्यांच्या आसपास असतं, ते बहुतेक वीजभट्ट्यांसाठी 3 ते 5 टक्क्यांपर्यंत नेतात, त्यालाही एन्रिच म्हणतात. सगळीकडे अर्थ एकच: हवा तो अंश वाढवणं.

पुरंदरच्या अंजिराचा जॅम केला किंवा मुळशीचा आंबेमोहर साफ करून पाकिटात भरला, तर ते मूल्यवर्धन, ‘व्हॅल्यू अ‍ॅडिशन’. क्रियापद म्हणून ‘अ‍ॅड व्हॅल्यू टू’ लिहा. ‘टू’ विसरू नका. ‘वी व्हॅल्यू-अ‍ॅड फिग्ज’ हे कार्यालयीन बोलणं झालं, लिखाणात खटकतं. बचत गटाच्या माहितीपत्रकात ‘व्हॅल्यू-अ‍ॅडेड प्रॉडक्ट्स’ चालेल, पण लगेच पुढे कोणती प्रक्रिया केली ते सांगा. महाराष्ट्रात 1 एप्रिल 2005 पासून व्हॅट आला आणि बहुतेक वस्तूंवर 1 जुलै 2017 ला त्याची जागा जीएसटीने घेतली. ‘व्हॅट’ या नावातली ‘व्हॅल्यू अ‍ॅडेड’ म्हणजे खरेदी आणि विक्रीच्या टप्प्यांवर वाढत गेलेली किंमत. तिथे गुणवत्तेचा प्रश्नच नव्हता.

एन्हान्स: जपून वापरायचा शब्द

पुण्यात इंग्रजी लिहिताना सगळ्यात जास्त राबवला जातो तो ‘एन्हान्स’. तो चांगला शब्द आहे, पण त्याला खाद्य ठरावीक लागतं. व्हॅल्यू, रेप्युटेशन, क्वालिटी, ब्यूटी, फ्लेव्हर, स्किल्स: आधीच चांगल्या असलेल्या गुणाला आणखी वर नेणं. ‘एन्हान्स द नंबर ऑफ बसेस’ लिहू नका, तिथे ‘इन्क्रीज’. बिघडलेली गोष्ट सुधारली तर ‘इम्प्रूव्ह’ किंवा ‘रिस्टोर’. खड्डे बुजवल्याने रस्ता एन्हान्स होत नाही, रिपेअर होतो. माणूसही एन्हान्स होत नाही. त्याचं कौशल्य होतं.

याला एक महत्त्वाचा अपवाद आहे आणि तो भारतीय कायद्याच्या इंग्रजीतला आहे. जमीन संपादनात मिळालेला मोबदला कमी वाटला म्हणून शेतकरी न्यायालयात जातो, तेव्हा तो ‘एन्हान्समेंट ऑफ कॉम्पेन्सेशन’ मागतो. वाढीव मोबदला म्हणजे ‘एन्हान्स्ड कॉम्पेन्सेशन’. शिक्षा वाढवली तरी ‘एन्हान्समेंट ऑफ सेंटेन्स’. बँकेत कर्जमर्यादा वाढवून मागायची तर ‘लिमिट एन्हान्समेंट’. या तिन्ही ठिकाणी एन्हान्स म्हणजे निव्वळ आकडा वाढवणं. रिंगरोड किंवा विमानतळासाठी जमीन जाणाऱ्या गावांत अशा अर्जांची भाषांतरं करावी लागतात; तिथे ‘इन्क्रीज’ घालून भाषा सोपी करण्याचा मोह टाळा, कारण न्यायालयाचा रूढ शब्द एन्हान्समेंट आहे.

दर्जा आणि मान

दर्जा एका ठरलेल्या शिडीवर मोजला जात असेल तर ‘अपग्रेड’. पतमानांकन, विमानातलं आसन, फोनची प्रणाली, ग्रामीण रुग्णालयाचं उपजिल्हा रुग्णालय होणं: सगळीकडे पायऱ्या आहेत. पद मोठं आणि औपचारिक असेल तर ‘एलिव्हेट’. उच्च न्यायालयाचे न्यायमूर्ती सर्वोच्च न्यायालयात गेले तर ‘एलिव्हेटेड टू द सुप्रीम कोर्ट’. तिथे ‘प्रमोटेड’ लिहिणं बरं दिसत नाही. कारकुनाचा हेडक्लार्क झाला तर मात्र ‘प्रमोटेड’च. एखाद्या संस्थेने दर्जा बहाल केला तर ‘कन्फर’ किंवा ‘अकॉर्ड’. 3 ऑक्टोबर 2024 रोजी केंद्रीय मंत्रिमंडळाने मराठीला अभिजात भाषेचा दर्जा मंजूर केला. इंग्रजीत ‘मराठी वॉज अकॉर्डेड द स्टेटस ऑफ अ क्लासिकल लँग्वेज’. ‘अपग्रेडेड’ लिहिलं असतं तर भाषा आधी हलकी होती असा वास आला असता. जुलै 2025 मध्ये जागतिक वारशाच्या यादीत मराठ्यांचे 12 किल्ले आले, त्यांत पुणे जिल्ह्यातले शिवनेरी, लोहगड आणि राजगड आहेत. त्यासाठी युनेस्कोचा ठरलेला शब्द ‘इन्स्क्राइब्ड’: ‘इन्स्क्राइब्ड ऑन द वर्ल्ड हेरिटेज लिस्ट’.

आता मानपत्र. मराठी ओळ घेऊ: ‘सरांनी शिक्षकी पेशाची प्रतिष्ठा वाढवली.’ ‘एन्हान्स्ड द प्रेस्टिज ऑफ द टीचिंग प्रोफेशन’ व्याकरणाने बरोबर आहे, पण जाहिरातीसारखं वाटतं. ‘एक्झॉल्टेड’ देवाच्या स्तुतीत किंवा काव्यात शोभतो. शाळेच्या सभागृहात जास्त होतो. ‘एनोबल्ड’ म्हणजे नैतिक उंची दिली, तो जवळचा आहे. ‘डिग्निफाइड’ आणखी संयत: पेशाला मान दिला. आम्ही लिहू, ‘ही ब्रॉट डिग्निटी टू द टीचिंग प्रोफेशन’. इंग्रजीत पुष्कळदा भारदस्त क्रियापदापेक्षा साधं क्रियापद आणि नेमकं नाम जास्त वजनदार पडतं. सत्कारासाठी आपल्याकडे ‘फेलिसिटेट’ रूढ आहे आणि पुण्याच्या इंग्रजी बातम्यांत तो बिनतक्रार चालतो. परदेशी वाचकांसाठी ‘ऑनर्ड’ लिहा, कारण तिकडे फेलिसिटेट म्हणजे अभिनंदन करणं आणि तेही क्वचित.

तोंडी किंवा लेखी कमीपणा आणण्याच्या उलट शब्दांत तीव्रतेचा क्रम आहे. ‘कमेंड’ औपचारिक शाबासकी, ‘प्रेझ’ सरळ स्तुती, ‘लॉड’ बातमीतली प्रशंसा, ‘एक्स्टॉल’ मुक्तकंठाने गुणगान. वरिष्ठ कनिष्ठाला कमेंड करतो. विद्यार्थ्याने प्राचार्यांना ‘आय कमेंड यू’ म्हटलं तर उद्धट वाटतं. प्रेझ, प्राइस, प्राइझ, प्रेशस आणि अप्रिशिएट या सगळ्यांच्या मुळाशी किंमत या अर्थाचा लॅटिन ‘प्रेटियम’ आहे, हे ठाऊक असलं की गट लक्षात राहतो.

मनातली कदर

आईच्या जुन्या पत्रांना बाजारात मोल नाही, आपल्याला आहे. तिथे व्हॅल्यू, प्राइझ, ट्रेझर, चेरिश. व्हॅल्यू सगळ्यात संयत, मैत्रीपासून मतापर्यंत कशालाही चालतो. प्राइझ म्हणजे मिळवलेल्या किंवा दुर्मीळ गोष्टीची कदर. ट्रेझर वस्तूला आणि आठवणीला. चेरिश मायेचा, वरिष्ठांचा सल्ला चेरिश करू नका, व्हॅल्यू करा. आदर व्यक्त करायचा तर ‘होल्ड इन हाय एस्टीम’.

याच ठिकाणी एक मोठा सापळा आहे. ‘इनव्हॅल्युएबल’ म्हणजे अनमोल, ‘व्हॅल्यूलेस’ म्हणजे कवडीमोल. ‘प्राइसलेस’ म्हणजे अमूल्य, ‘वर्थलेस’ म्हणजे कुचकामी. शेवटचा ‘लेस’ बघून ‘प्राइसलेस’ आणि ‘व्हॅल्यूलेस’ यांचा अर्थ एकच धरला की ‘थँक यू फॉर युअर व्हॅल्यूलेस गायडन्स’ असं आभारपत्र तयार होतं. शंका असेल तर सरळ ‘व्हेरी व्हॅल्युएबल’ लिहा.

उलट दिसणारे पण उलट नसलेले

‘ओव्हरव्हॅल्यू’ हा डीव्हॅल्यूच्या उलट नाही. तो ‘अंडरव्हॅल्यू’च्या उलट आहे, आणि दोन्ही अंदाजातल्या चुका आहेत: एक जास्त धरणं, एक कमी धरणं. ‘इन्फ्लेट’ म्हणजे फुगवणं. ‘इन्फ्लेटेड व्हॅल्युएशन’ म्हणताच वाचकाला खोटेपणाचा संशय येतो. ‘अग्रँडाइज’मध्ये स्वतःचा मोठेपणा मिरवणं येतं. ‘व्हॅलराइज’ हा विद्यापीठीय लिखाणात फार दिसतो. त्याचा जुना अर्थ सरकारी उपायांनी मालाचा भाव टिकवून धरणं असा आहे; 1906 मध्ये ब्राझीलमधल्या राज्यांनी तौबाते इथे करार करून कॉफीचा भाव सावरण्यासाठी माल खरेदी केला, ती योजना याच नावाने ओळखली जाते. आज त्याचा अर्थ एखाद्या गोष्टीला महत्त्व बहाल करणं, आणि पुष्कळदा त्यात ‘नको तितकं’ अशी छटा असते. प्रबंधाबाहेर तो टाळलेला बरा. आपल्या हमीभावाला ‘मिनिमम सपोर्ट प्राइस’ म्हणतात, व्हॅलराइज्ड प्राइस कोणी म्हणत नाही.

परीक्षेतला प्रश्न

विरुद्धार्थी शब्दाच्या प्रश्नात चार पर्यायांपैकी दोन जवळचे असतात. अशा वेळी दिलेल्या शब्दाच्या आत बघा. डिप्रिशिएटमध्ये किंमत आहे, म्हणून अप्रिशिएट. डीव्हॅल्यूला रीव्हॅल्यू असेल तर तो, नसेल तर व्हॅल्यू किंवा अप्रिशिएट. डिमीनमध्ये माणसाचा मान आहे, म्हणून डिग्निफाय. डिबेसला एनोबल किंवा एलिव्हेट. पर्यायात प्युरिफायही असेल तर वाक्यात धातू आहे की आचरण ते पाहा. डिस्पॅरेज आणि बिलिटल बोलण्यातून होतात, म्हणून प्रेझ किंवा कमेंड. डेनिग्रेट जास्त बोचरा, त्याला एक्स्टॉल. चीपनला एन्हान्स किंवा एन्रिच. डाउनग्रेडला अपग्रेड, यात वादच नाही. शब्द सुटा दिला असेल आणि दोन पर्याय खरंच बसत असतील, तर दिलेल्या शब्दाच्या तीव्रतेचा पर्याय घ्या.

लिहिताना शेवटची तपासणी अशी करावी. आपण निवडलेला शब्द काढून त्याच वाक्यात त्याचा खाली नेणारा जोडीदार ठेवून बघा. ‘द स्कँडल डॅमेज्ड द रेप्युटेशन’ बसतं, तर ‘द अवॉर्ड एन्हान्स्ड द रेप्युटेशन’ही बसेल. ‘द लिफ्ट डिप्रिशिएटेड अवर फ्लॅट्स’ कानाला विचित्र लागतं, म्हणजे ‘अप्रिशिएटेड’ही चुकलंय. मग शिकणाऱ्यांसाठीच्या इंग्रजी-इंग्रजी कोशात तो शब्द काढा आणि अर्थाआधी उदाहरणवाक्यं वाचा: कर्ता कोण आहे, कर्म आहे की नाही, पुढे बाय, टू, अगेन्स्ट, ऑफ यांपैकी काय येतं. समानार्थी शब्दांच्या यादीतून उचललेला शब्द या तीन गोष्टी पाहिल्याशिवाय पत्रात टाकू नये.